चेहरा, दोन्ही हात आणि माग

काकांच्या खांद्यावरच्या पिशवीत सर्व्हेचे कागद सोडून बाकी सगळं असायचं. कंगवा, पावडरचा डबा, टिकल्यांचं पाकीट, दोन सेफ्टी पिना आणि धुऊन घडी घातलेला एक पांढरा पंचा. आमच्या एजन्सीनं त्यांना ज्या कामासाठी ठेवलं होतं त्यात यातलं काहीच लागत नव्हतं. हातमाग असलेल्या घरी जायचं, माग चालू आहे की बंद ते बघायचं, ठरलेले प्रश्न विचारायचे, सरकारी कार्डासाठी विणकराचा फोटो काढायचा आणि पुढचं घर गाठायचं. एका घराला वीस मिनिटं धरलेली होती. काकांची पहिली वीस मिनिटं समोरच्या माणसाचा भांग पाडण्यात जायची.

मी त्यांची टीम लीडर होते. वय सव्वीस, हाताखाली सहा माणसं आणि माणशी रोजचं टार्गेट वीस घरांचं. काका बासष्ट वर्षांचे. नेमणुकीच्या कागदावर त्यांचं पद 'मदतनीस' असं होतं, कारण पदवी नसलेल्या माणसाला सर्वेक्षक म्हणता येत नव्हतं. काम मात्र आमच्याइतकंच, उन्हात आमच्याइतकंच भाजायचं. त्याआधी तीसेक वर्षं सीताबर्डीच्या एका गल्लीत, कापडाच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर त्यांचा फोटो स्टुडिओ होता. मोबाइल आले आणि स्टुडिओ गेला, असं मी एकदा बोलून गेले तर ते थांबले.

"गेला काहून म्हणता, मॅडम? कोणी उचलून नेला काय? मी बंद केला. शटर मी ओढलं, कुलूप मी लावलं."

असा माणूस. माझ्या वडिलांच्या वयाचा, पण मला मॅडमच म्हणायचा, आणि त्या मॅडममध्ये थोडी चेष्टा असायची ती मला कळायची.

सर्व्हेसाठी प्रत्येकाला एक यंत्र मिळालं होतं. मोबाइलच्या तिप्पट जाड, कडेनं काळं रबर, बाजूला पिवळं बटण, पाठीवर हात अडकवायचा पट्टा आणि त्यातच बसवलेला कॅमेरा. हे धुळीत पडो, पाण्यात पडो, याला काही होत नाही, असं ट्रेनिंगला आलेल्या माणसानं सांगितलं आणि आमच्या डोळ्यांदेखत ते टेबलावरून खाली टाकलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काका तेवढे उठून उभे राहिले.

"भाऊ, कॅमेरा हाये ना त्याच्यात? मग फेकून काहून राहिला?"

त्या माणसानं समजावलं की काका, हे मजबूत आहे, म्हणूनच तर दाखवतोय. काकांनी ते जमिनीवरून उचललं, बनियनच्या टोकानं त्याची काच पुसली आणि त्याला परत दिलं. "मजबूत माणसालेबी कोणी असं आपटत नाही," म्हणाले आणि खाली बसले. पोरं हसली. मीही हसले.

आम्ही त्या यंत्राला ठोकळा म्हणायचो. त्याचा कॅमेरा म्हणजे नावालाच होता. पिवळं बटण दाबलं की ठोकळा एक श्वासभर विचार करायचा आणि मग फोटो काढायचा. तेवढ्यात समोरचा माणूस डोळे मिटून घ्यायचा किंवा 'झाला का?' म्हणून मान वळवायचा. आम्ही ठोकळ्याला शिव्या घालायचो. काकांनी आठवड्याभरात त्याचा श्वास ओळखला. "हा आळशी नाही," ते म्हणायचे, "हा सावकाश हाये. याले आधी सांगून ठेवा लागते."

माणसाला हसवायचा त्यांना राग होता. 'स्माइल' म्हणणारा फोटोग्राफर त्यांच्या लेखी फोटोग्राफरच नव्हता. ते आधी बटण दाबायचे आणि मग त्या एका श्वासात प्रश्न टाकायचे. विणकराला विचारायचे, "पहिलं लुगडं विणलं ते कोणाले दिलं गा?" माणूस चमकून वर बघायचा, चेहऱ्यावर ते पहिलं लुगडं यायचं आणि ठोकळा नेमका तेव्हा फोटो काढायचा. "चेहऱ्याले हसवा नाही लागत, मॅडम. उत्तर देवाले लावा लागते." बाकीच्या पाच जणांच्या फोटोत माणसं पोलिस ठाण्यात उभी केल्यासारखी दिसायची. काकांच्या फोटोतली माणसं आता काहीतरी बोलतील असं वाटायचं. पण बाकीचे एकेक जण दिवसाला वीस घरं करायचे आणि काका अकरा.

त्यांचा स्वतःचा फोटो मात्र त्यांनी कुणाला कधी काढू दिला नाही. ओळखपत्रावर त्यांनी कुठलासा जुना फोटो चिकटवला होता, त्यात काळ्याभोर मिशांचा तिशीतला एक माणूस होता. गेटवरचा वॉचमन रोज तो फोटो बघायचा, मग काकांकडे बघायचा आणि सोडून द्यायचा. एकदा पोरांनी ठोकळा त्यांच्यावर रोखला तर हात आडवा धरून म्हणाले, "न्हावी सोताचे केस सोताच कापते काय?" पोरं म्हणाली, आम्ही कापतो ना, काका. "तुमच्या हातचे तं मी पाहून राहिलो ना रोज," काका म्हणाले.

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही, आणि ती माझ्या बाजूनं शोभणारी नाही.

फोटोचा नियम एकच होता आणि तो ठोकळ्याच्या पडद्यावर वरच लिहिलेला असायचा: चेहरा, दोन्ही हात आणि पूर्ण माग, एका चौकटीत. एका घराला तीन फोटो. काढलेला फोटो पुसता येत नसे, त्याखाली फक्त 'योग्य' किंवा 'अयोग्य' दाबायचं. तिन्ही अयोग्य झाले की फॉर्म आपोआप बंद व्हायचा आणि त्या घरापुढे 'माग आढळला नाही' असं उमटायचं. तो पुन्हा उघडायला वरच्या ऑफिसची परवानगी लागायची, आणि वरचं ऑफिस आमचा फोनसुद्धा उचलायचं नाही.

हा नियम ज्यानं केला त्यानं विणकराचं घर बघितलेलं नसणार. माग म्हणजे जवळजवळ खोलीच. खोलीत माग मावतो, माणूस मावतो, पण त्या दोघांना एका चौकटीत धरायला मागे सरकावं तर मागे भिंत. पूर्व नागपूरच्या एका गल्लीत आम्ही यावर तोड काढली. तिथं एका विणकराचा माग मोठ्या शेडमध्ये होता, उजेड भरपूर. आम्ही गल्लीतल्या सगळ्यांना एकेक करून त्या मागावर बसवलं आणि फोटो काढले. एका दुपारी एकोणीस घरं. कल्पना माझीच होती आणि मी त्या दिवशी खूश होते.

काका त्या दिवशी सुट्टीवर होते. दुसऱ्या दिवशी माझ्या मागे उभे राहून त्यांनी पडद्यावरचे फोटो बघितले. त्या मागाच्या एका खांबाला निळी चिंधी बांधलेली होती. पहिल्या फोटोत होती, दुसऱ्यात होती, एकोणिसाव्यातही होती.

"मॅडम, हा माग लयच हिंडून राहिला," काका म्हणाले.

मी म्हटलं, काका, माणसं खरी आहेत, माग खरा आहे, कुणाचं काय बिघडतं?

"त्याच्या घरचा माग नाही दिसत ना. उद्या कोणी म्हटलं का याच्या घरी मागच नाही, तं तो काय दाखवन?"

मग ते माझ्या टेबलासमोर खुर्ची टाकून बसले. मी फॉर्म पाठवण्यासाठी हात पुढे केला की नुसते बघायचे. चहा आला, त्यांनी प्यायला. दुसरा आला, तोही प्यायला. शेवटी मी फॉर्म अडवून ठेवले. प्रत्येक घराचे दोन फोटो शिल्लक होते हे नशीब. काकांनी दोन दिवसांत एकोणीसच्या एकोणीस घरं पुन्हा केली, दारातून, खिडकीतून, एका ठिकाणी म्हणे धान्याच्या कोठीवर चढून. आमचं टार्गेट बुडालं. मला साहेबांचा फोन आला आणि जे ऐकावं लागलं ते ऐकलं. त्या संध्याकाळी मी एक मेल लिहिला: सदर मदतनीस कामास अनुकूल नाहीत, बदली माणूस मिळावा. पाठवला नाही. महिनाअखेरीला पाठवू म्हणून ठेवून दिला.

महिनाअखेरीला आम्ही कामठीत होतो. नवतपा लागला होता. त्या नऊ दिवसांत नागपूरचा माणूस सकाळी दहानंतर कामाशिवाय घराबाहेर पडत नाही आणि आम्ही शेअर ऑटोत कोंबून कामठीला निघालेलो. एक पोरगं आजारी पडलं म्हणून त्याची घरं करायला मी काकांबरोबर होते. बारा घरं करायची होती. मनात म्हटलं, आज मी यांना घड्याळ दाखवून काम करून घेते.

पहिलंच घर एका आजींचं. त्या गल्लीत सगळीकडे पॉवरलूम, खडखडाटानं पायाखालची जमीन हुळहुळायची. हातमाग हा एवढा एकच उरलेला. आजी सत्तरीच्या, अंगानं काटक, खड्ड्याच्या मागावर बसलेल्या. या मागाला जमिनीत खड्डा असतो, विणणारा त्याच्या काठावर बसतो आणि पाय आत सोडून पावड्या दाबतो. आम्ही सर्व्हेवाले असं सांगताच आजींनी विणणं थांबवलं.

"आता मले उठवता काय मागावरून?"

मला कळेना. काका दारातच उकिडवे बसले. "कोण उठवून राहिलं मावशी? आधी कोणी उठवलं काय?"

मग आजींनी सांगितलं. काही वर्षांपूर्वी असाच एक सर्व्हे झाला होता. तेव्हा त्यांचे मालक, म्हणजे यजमान, हयात होते, पण हाताला कंप सुटलेला, म्हणून विणायचं काम आजीच करत होत्या. आलेल्या माणसानं घरातला विणकर कोण म्हणून विचारलं आणि उत्तराची वाट न बघता मालकांकडे बघितलं.

"मले म्हणे, बाई, तुम्ही उठा. यायले बसवलं. यायचे हात असे थरथर, तं फोटो हालला. मंग शेजारच्याले बोलावून बसवलं. कार्डावर नाव यायचं आलं अन् थोबाड शेजाऱ्याचं. अन् माह्या नावापुढे काय लिहिलं? मदतनीस. सुताच्या कांड्या भरते म्हणे."

मालक गेले आणि ते कार्ड बंद झालं. विणकरांची सोसायटी सूत देते ते विणकराच्या कार्डावर. आजींचं कार्ड नाही, म्हणून शेजारी आपल्या कार्डावर सूत उचलायचा, आजी विणायच्या आणि माल त्याच्या नावानं जमा व्हायचा. त्या शेजाऱ्यानं आपला स्वतःचा माग मोडून जळणाला लावला होता.

"तो विणकर," आजी म्हणाल्या, "अन् मी त्याची मदतनीस. पोरी, मले काही नको. मले माह्या नावाचं सूत पायजे."

काकांनी पिशवी खाली ठेवली. कंगवा काढला नाही, पावडर काढली नाही. ते कधी नव्हे ते थेट ठोकळा घेऊन उभे राहिले.

खोली आमच्या ऑफिसातल्या स्टोअररूमएवढी. दारातून फोटो घेतला तर माग पूर्ण आला, पण आजींचा चेहरा मागाच्या आडव्या दांड्यामागे गेला. नाकापासून वर काही नाही. मी म्हटलं, हात दिसतायत, माग दिसतोय, अर्धा चेहरा दिसतोय, दाबा योग्य. ऑफिसात कुणी नाकारला तर बघू.

"नाकारनच," काका म्हणाले आणि अयोग्य दाबलं. दोन उरले.

मी म्हटलं, दोन गल्ल्या सोडून एकाचा माग पडवीत आहे, आजींना तिथं नेऊ. म्हटलं आणि जीभ चावली, पण तोवर आजींनी ऐकलं होतं.

"दुसऱ्याच्या मागावर बसून माहा फोटो? मागच्या टायमाले माह्या मागावर दुसरा बसला, आता हे उलटं काय?"

काका दारातून आत आले. ते वर बघत होते. वर बघण्यासारखं काही नव्हतं, काळे पडलेले वासे आणि त्यावर मातीचे कवेलू.

"मावशी, कवेलू फेरले काय औंदा?"

"कुठी फेरले? माणूसच नाही भेटला. पाऊस तोंडावर आला."

"शिडी हाये काय कोणापाशी?"

मला त्यांच्या मनात काय आहे ते कळलं तेव्हा त्यांनी शेजारच्या त्याच कार्डवाल्याकडून शिडी आणून भिंतीला लावलीसुद्धा होती. मी ओरडले. काका, वय काय, ऊन काय, तुम्हाला काही झालं तर मला धरतील.

"मंग खालीच उभे राहा ना मॅडम, झेलाले," म्हणाले आणि चढले.

पाण्यात भिजवलेलं एक गोणपाट त्यांनी आधी वर टाकलं आणि त्यावर पालथे झोपले. कवेलू चुलीवरच्या तव्यासारखे तापलेले होते. एकेक उचलून बाजूला रचल्याचा आवाज मला खालून येत होता. दहा-बाराएक निघाले असतील आणि उन्हाचा एक मोठा तुकडा सरळ मागावर पडला. आजींनी विणायचं सोडून त्या उन्हात आपला हात धरला.

"लग्न होऊन आली तवापासून या मागावर ऊन नाही पडलं, वं पोरी," त्या मला म्हणाल्या.

काकांना ते ऊन पसंत नव्हतं. डोळ्यांखाली काळं येतं, म्हणाले. त्यांचा पंचा त्यांनी भोकावर धरून बघितला, तो जाड निघाला. मग आजींनी आदल्या दिवशीच मागावरून काढलेला पातळ पंचा त्यांनी मागितला. आजींनी तो मला दिला, मी गुंडाळून खालून वर फेकला. काकांनी तो छपराच्या भोकावर ताणून कवेलूंनी चारही कडा दाबल्या आणि कॅमेऱ्यापुरती एक कड उघडी ठेवली. खोलीत दुधासारखा उजेड झाला. 

ठोकळ्याचा पाठीमागचा पट्टा तुटला होता. नवीन पट्टा द्या म्हणून काकांनी मला दोनदा लिहून दिलं होतं आणि मी ते कागद टेबलाच्या खणात टाकले होते. हे मला आठवायला आणि वरून 'अर्र' ऐकू यायला एकच गाठ पडली.

ठोकळा त्यांच्या घामेजल्या हातातून सुटला. छपरातून थेट खाली, मागाच्या दांड्यावर आपटला, उडाला आणि आजींच्या पायांशी खड्ड्यात जाऊन पडला.  मग आजींनी मान वर केली.

"भाऊ, तुमी तं नाही पडले ना?"

मी खड्ड्यात हात घालून तो बाहेर काढला. काच शाबूत, रबराला खरवड. पडद्यावर एक काळपट फोटो आणि त्याखाली प्रश्न: योग्य की अयोग्य? सुटताना बोट बटणावर पडलं असणार. मी फोटो नीट बघितलासुद्धा नाही. अयोग्य दाबलं.

एक उरला. मी वर बघून ते सांगितलं. काकांचा चेहरा त्या भोकात दिसत होता, घामानं थबथबलेला. मी मनात म्हटलं, आता हे खाली उतरतील, उद्या बघू म्हणतील आणि फॉर्म उद्याही असाच अडकेल.

"सुताची दोरी आणा," काका म्हणाले.

आजींनी सूत आठपदरी करून पिळलं आणि मला दिलं. मी शिडी चढले. आयुष्यात पहिल्यांदा छपराच्या कडेला गेले. ठोकळा त्यांच्या मनगटाला बांधला, दोन गाठी मारल्या, तिसरी त्यांनी दातानं ओढली. त्यांचे दोन्ही हात भाजून लाल झाले होते. म्हटलं, काका, पट्टा मी द्यायला हवा होता. "आता पाय धरून ठेवा," ते म्हणाले. मी शिडीवर उभी राहून त्यांचे घोटे धरले. आत काय चाललंय ते मला तिथून दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं.

"मावशी, वर पाहू नका. विणा तुमी."

धोट्याचा आवाज सुरू झाला. इकडून तिकडे, तिकडून इकडे. शेजारी पॉवरलूम खडखडत होते तरी मला तो ओळखू यायचा. एक मिनिट गेलं, दोन गेली. माझ्या डोक्यावरचा दुपट्टा सुकून कडक झाला. मी टार्गेट विसरले होते असं म्हणणार नाही, पण मला त्या क्षणी बाकीची अकरा घरं नको होती. हा एक फोटो हवा होता. निघालाच पाहिजे होता.

मग काकांचा आवाज आला, मोठ्यानं:

"मावशी, हा माग कोणाचा?"

धोटा थांबला.

"माहा!"

ठोकळ्याचा खट् असा आवाज आला. बटण त्यांनी प्रश्नाच्या आधीच दाबलेलं होतं.

खाली उतरल्यावर त्यांनी मला फोटो दाखवला. आजींनी मान वर केलेली, तोंड त्या शब्दावर उघडं, एक हात धोट्यावर, दुसरा फणीवर आणि चारही बाजूंनी पूर्ण माग. काकांनी योग्य दाबलं. पाणी प्यायले आणि पुन्हा वर चढले, कवेलू लावायला. नुसते लावले नाहीत, गळणारी एक पूर्ण ओळ फेरून दिली, कारण माणूस भेटला नव्हता. त्या दिवशी आमची चार घरं झाली. संध्याकाळी साहेबांचा फोन आला तेव्हा मी पहिल्यांदाच त्यांच्यावर आवाज चढवला. तो मेल मी उघडला, वाचला आणि माझी मलाच लाज वाटली. पुसून टाकला.

त्याच रात्री फॉर्म तपासताना मी आजींचा दुसरा फोटो, खड्ड्यात पडलेल्या ठोकळ्यानं काढलेला, मोठ्या पडद्यावर बघितला. नाकारलेले फोटो महिन्याभरात पुसले जात असत. नियमात बसत नव्हतं, तरी मी तो काढून घेतला.

सर्व्हे संपला, टीम पांगली. दिवाळीनंतर कळलं की कामठीची कार्डं आली आहेत. मी काकांना फोन केला. ते आले, भांग पाडलेला, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात अजून ते एजन्सीचं ओळखपत्र. म्हटलं, काका, आता कशाला? "हे गळ्यात असलं का लोकं शिडी देते," म्हणाले.

आजींनी आपलं कार्ड ट्रंकेतून काढून आणलं. प्लास्टिकचं, चकचकीत. नावापुढे 'विणकर'. तो शब्द त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. सूत त्यांच्या नावावर सुरू झालं होतं, पहिली गठडी खोलीच्या कोपऱ्यात ठेवलेली होती.

काकांनी कार्ड हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा उतरला. कार्ड छापणाऱ्यांनी फोटो कापून घेतला होता. नखाएवढा चेहरा. बाकी काही नाही.

"हात कुठी गेले?" त्यांनी कार्ड उलटं करून मागे बघितलं. "माग कुठी गेला? अन् मी छपरावर काहून चढलो होतो मग? यायले नुसतं मुंडकंच पायजे होतं तं दारातूनच..." त्यांनी कार्ड पुन्हा सुलटं केलं. एवढ्या दिवसांत मी त्यांना असं बघितलं नव्हतं.

आजींनी कार्ड त्यांच्या हातातून काढून घेतलं. "हात तं माह्यापाशीच हायेत ना भाऊ. ते कायले कार्डावर पायजेत?" आणि मग त्यांच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे बघून मला विचारलं, "यायच्या कार्डावर काय लिहिलं हाये वं?"

मी सांगायच्या आधी काकाच म्हणाले, "मदतनीस."

आजी त्यांच्याकडे वळल्या.

"म्हणजे तुमालेबी उठवलं म्हणा मागावरून."

काका हसले नाहीत. त्यांनी ओळखपत्र खिशात घातलं. मी पर्समधून तो फोटो काढला. सीताबर्डीतून चांगल्या कागदावर छापून आणला होता, द्यायचा धीर होत नव्हता. आता काकांच्या हातात न देता आजींच्या हातात दिला.

फोटोत खालून वर बघितलेलं छप्पर होतं. भोक, त्याच्याभोवती ताणलेला पांढरा पंचा, मागे उन्हाचं आभाळ. आणि मधोमध काका. पांढऱ्या मिशा, डोळे मोठे झालेले, कमरेपर्यंत आत वाकलेले आणि दोन्ही हात लांब करून, पंजे उघडून, खाली पडणाऱ्या कॅमेऱ्याकडे झेपावलेले. शर्टाच्या खिशातून कंगवा अर्धा बाहेर आलेला.

आजींनी फोटो उजेडात धरला. सर्व्हेवाल्यांचा नियम त्यांना पाठ झाला होता.

"चेहरा दिसून राहिला," त्या म्हणाल्या. "दोनी हात दिसून राहिले. पण यायचा माग कुठी हाये?"

"तोच तं खाली पडून राहिला होता, मावशी," काका म्हणाले.

मग त्यांनी फोटो हातात घेतला. बनियनच्या टोकानं त्यावरची नसलेली धूळ पुसली.

"फोकस नाही," म्हणाले. "हाललेला हाये. अयोग्य."

"टीम लीडर मी आहे, काका," मी म्हटलं. "योग्य."